रुग्णालयाच्या सॉफ्टवेअरचा कोड मागून घ्या

करोनाच्या पहिल्या लाटेत, २०२० साली, मूळचे नाशिकचे असलेले एमआयटीतील शास्त्रज्ञ रमेश रासकर यांच्या चमूने ‘सेफ पाथ्स’ हे संपर्क शोधणारे ॲप तयार केले आणि त्याचा कोड जगासाठी खुला ठेवला. त्याचा परवानाही ‘एमआयटी’ याच नावाचा. कोड घ्या, बदला, विका. फक्त मूळ निर्मात्यांचे नाव आणि परवान्याचा मजकूर सोबत राहू द्या. ओपन सोर्स म्हणजे एवढेच, असे अनेकांना वाटते.

सगळे परवाने इतके सैल नसतात. रुग्णालये चालवण्याचे ‘बाह्मनी’ हे सॉफ्टवेअर छत्तीसगडमध्ये बिलासपूरजवळच्या गनियारीत, जन स्वास्थ्य सहयोगच्या रुग्णालयाच्या गरजेतून उभे राहिले. केसपेपर, प्रयोगशाळेचे अहवाल, औषधांचा साठा, बिले, सारे त्यात बसते. त्याचा परवाना आहे एजीपीएल. बदल करायला मोकळीक, पैसे घेऊन विकायलाही मोकळीक. मात्र बदललेली प्रत ज्याच्या हाती द्याल, त्याला बदललेला कोडही त्याच परवान्याखाली द्यावा लागतो. साध्या जीपीएलमध्ये ही जबाबदारी प्रत दुसऱ्याला दिली तरच येते. एजीपीएल आणखी पुढे जातो. विक्रेत्याने बदललेले सॉफ्टवेअर स्वतःच्या सर्व्हरवर ठेवून नुसते इंटरनेटवरून वापरायला दिले, तरी वापरणाऱ्याला कोड मिळण्याची सोय ठेवावीच लागते.

समजा, नाशिकमधल्या तीस खाटांच्या रुग्णालयाने असे सॉफ्टवेअर एका छोट्या कंपनीकडून मराठीत करून घेतले आणि चार वर्षांनी कंपनीने गाशा गुंडाळला. कोड नसेल तर नव्या माणसाने दुरुस्त काय करायचे? मधुमेहाच्या रुग्णाच्या चार वर्षांच्या साखरेच्या नोंदी तेव्हा पडद्यामागे अडकून बसतात. ‘ही आमची मेहनत आहे’, असे कोड न देणारा विक्रेता म्हणतो. मेहनत आहेच, तिचे पैसे त्याने जरूर घ्यावेत. पण ज्या पायावर त्याने मजला चढवला, तो पाया अटीवर मिळालेला आहे. संगणक प्रोग्रामला आपल्याकडे १९५७ च्या कॉपीराइट कायद्याचे संरक्षण आहे. अट मोडली की परवानगीच उरत नाही. (पहिल्यांदाच चूक झाली आणि नोटीस मिळाल्यापासून ३० दिवसांत सुधारली, तर एजीपीएल ती पोटात घालतो.)

कोड दिला की रुग्णांची माहिती बाहेर फुटेल, ही भीती मात्र खोटी. परवाना कोडपुरता असतो, रुग्णांच्या नोंदींना तो लागू नाही. कोड जगजाहीर करण्याचीही सक्ती नाही. ज्याला प्रत दिली किंवा जो ती वापरतो, त्याला मिळाला की पुरे.

‘बाह्मनी’च्या आत ओपनएमआरएस, ओडू असे इतर प्रकल्पही आहेत आणि प्रत्येकाच्या अटी निराळ्या. म्हणून रुग्णालयाने करारातच परवान्यांची यादी आणि बदललेला कोड मागावा. शेवटचा हप्ता देण्याआधी तो कोड तिसऱ्याच जाणकाराकडून दुसऱ्या संगणकावर एकदा चालवून पाहावा.