रंगवलेली बाटली कोणी घेत नाही: शालेय शिक्षणमंत्र्यांना खुले पत्र

माननीय शालेय शिक्षणमंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई



आपल्या राज्यातल्या असंख्य शाळांत ‘टाकाऊपासून टिकाऊ’ नावाची स्पर्धा होते. मुले पाण्याच्या रिकाम्या बाटलीला रंग देतात, तिच्यावर चमकी आणि लोकर चिकटवतात आणि फुलदाणी करतात. प्रदर्शन भरते, पाहुणे येतात, प्रमाणपत्रे वाटली जातात. काही दिवसांनी फुलदाणी कचऱ्याच्या डब्यात जाते. आपल्याला पत्र लिहावेसे वाटले ते या फुलदाणीमुळे. साधी, रिकामी, कोरडी बाटली भंगारवाला पैसे देऊन घेतो. रंग, डिंक आणि चमकी लागलेली बाटली कोणी घेत नाही. ती कचरा डेपोवर जाते. जी वस्तू कारखान्यात परत जाऊन उपयोगी पडली असती, ती आपण पर्यावरणाच्या नावाने कायमची बाद करतो आणि त्याबद्दल मुलांना बक्षीस देतो.

माझी मागणी सरळ आहे. ही स्पर्धा थांबवावी आणि कार्यानुभवाच्या तासाला मुलांना कचऱ्याचे वर्गीकरण शिकवावे, तेही हाताने करून. मुलांच्या हौसेला माझा विरोध नाही. हस्तकला हवीच, ती मातीची करा, चिंध्यांची करा, कागदाच्या लगद्याची करा. फक्त तिला पुनर्वापराचा धडा म्हणू नका.

बाटलीचा खरा प्रवास मुलांना कोणी सांगतच नाही, आणि तो विलक्षण आहे. कचरावेचक ताई ती उचलतात, भंगाराच्या दुकानात विकतात. तिथे रंगांप्रमाणे ढीग होतात, पारदर्शक वेगळ्या, हिरव्या वेगळ्या. गासड्या बांधून माल कारखान्यात जातो. तिथे बाटल्यांचे बारीक तुकडे करतात, ते गरम पाण्याने धुतात, वितळवून त्यांचे तंतू ओढतात. उशीत आणि रजईत भरायचा पॉलिस्टरचा कापूस किंवा टी-शर्टचे कापड अशा तंतूंपासून होते. बाटलीचे टोपण मात्र वेगळ्या प्लास्टिकचे असते. कारखान्यात ते सुटे करायची युक्ती अशी, की सगळे तुकडे पाण्यात टाकायचे. बाटलीचा तुकडा बुडतो, टोपणाचा तरंगतो. मंत्रिमहोदय, घनता शिकवताना याहून चांगला प्रयोग मला माहीत नाही. बादलीभर पाणी, कात्री आणि एक बाटली एवढ्या सामानात तो जिल्हा परिषदेच्या दोनशिक्षकी शाळेतही होतो.

दुसरा प्रयोग याहून सोपा. वेफर्सचे रिकामे पाकीट मुलांना मुठीत चुरगाळायला सांगावे. मूठ उघडली की ते पुन्हा पसरते. पोळी गुंडाळायची अॅल्युमिनियमची फॉइल चुरगाळलेलीच राहते. पाकिटात प्लास्टिकचे थर आणि धातूचा अगदी पातळ मुलामा एकमेकांना चिकटलेले असतात, ते सुटे करणे परवडत नाही, म्हणून भंगारवाल्याच्या लेखी त्या पाकिटाला किंमत नाही. ही गोष्ट हाताला कळली की ‘प्लास्टिक हटवा’ असे मोघम घोषवाक्य रंगवून घ्यायची गरज उरत नाही. कोणते प्लास्टिक परत जाते आणि कोणते जात नाही हे मूल स्वतः सांगते, आणि दुकानात आईचा पदर ओढून सांगते.

पण शाळेत खरी भरमार असते ती कागदाची. देशातल्या बहुसंख्य कागद गिरण्या रद्दीवर चालतात. आपल्या शेजारच्या वापीत पुठ्ठ्याचा कागद करणाऱ्या गिरण्या आहेत, त्यांचा कच्चा माल रद्दीच. तरीही पुरेशी रद्दी मिळत नाही म्हणून आपण ती परदेशातून जहाजाने आणतो. कारण आपला कितीतरी कागद डब्यातल्या आमटीत आणि भाजीच्या देठांत भिजून वाया जातो. तेल लागलेल्या, ओल्या कागदाचा चांगला लगदा होत नाही. वर्गात दोन डबे ठेवायचे आणि त्यातल्या कागदाच्या डब्यात खाण्याचे काही पडू द्यायचे नाही, एवढा एकच नियम पाळला तरी शाळेचे निम्मे काम झाले असे मी म्हणेन.

आधी मात्र कागद पुरता वापरला गेला पाहिजे. पूर्वी मे महिन्यात घरोघरी जुन्या वह्यांची कोरी पाने काढून, दाभणाने शिवून कच्ची वही करत. पाठकोरे कागद जपून ठेवत, त्यांवर पाढे आणि गणिते होत. आज वार्षिक परीक्षा संपली की अर्ध्या कोऱ्या वह्या किलोवर जातात. शेवटच्या आठवड्यात प्रत्येक वर्गाने एक तास बसून अशा वह्या शिवल्या तर जूनमध्ये निदान कच्च्या वह्या विकत घ्याव्या लागणार नाहीत.

पाठ्यपुस्तकांचेही तेच. पहिली ते आठवीच्या मुलांना सरकारी आणि अनुदानित शाळांत पुस्तके मोफत मिळतात, ही मोठी गोष्ट आहे. पण मोफत मिळालेले पुस्तक एका वर्षाचेच, अशी समजूत झाली आहे. २०२३-२४ मध्ये पुस्तकांतच वहीची कोरी पाने घातली गेली आणि २०२५ मध्ये शासनाने तो निर्णय मागे घेतला. मागे घेतला हे योग्य झाले असे मला वाटते, कारण ज्या पुस्तकात लिहिले ते पुढच्या मुलाच्या कामाचे राहत नाही. अभ्यासक्रम बदलणार नसेल त्या वर्षी चांगल्या स्थितीतली पुस्तके शाळेत परत घेऊन पुढच्या वर्गाला द्यायची आणि कमी पडतील तेवढीच नवी मागवायची, अशी मुभा मुख्याध्यापकांना द्यावी. पुस्तकाला प्लास्टिकचे कव्हर सक्तीचे करू नये. खाकी कागद किंवा कॅलेंडरचे जुने पान पुरते.

पुण्यातल्या शाळांना आणखी एक सोय आहे. शिवाजीनगरला १९४० मध्ये, गांधीजींच्या खादी-ग्रामोद्योगाच्या चळवळीतून सुरू झालेली हातकागद संस्था आहे. सुती कापडाच्या कातरणांपासून कागद कसा होतो हे सहलीत दाखवता येते. जुन्या कागदाचा लगदा करून, जाळीवर पसरून, वाळवून जाडाभरडा कागद तर कोणत्याही शाळेच्या अंगणात करता येतो. प्रत्येक फेरीत तंतू तुटून आखूड होतात, म्हणून कागद काही फेऱ्यांनंतर थकतो, काच आणि अॅल्युमिनियम मात्र पुन्हा पुन्हा वितळवता येतात. हा फरक मुलांना समजावून सांगावा.

आता घराकडे वळते, कारण शाळेतली सवय दुपारी घरी जाते. दुधाची पिशवी उत्तम प्लास्टिकची असते, तिला भाव मिळतो. पण कोपरा पूर्ण कापून टाकला की तो इवलासा तुकडा कोणी वेचत नाही. तो गटारात जातो. कोपरा पिशवीला लटकता ठेवायचा, पिशवी विसळून दोरीवर वाळत घालायची. आजी-आजोबांना हे शिकवावे लागत नाही, त्यांनी ते आयुष्यभर केले आहे. २०१६ च्या घनकचरा नियमांनी ओला, सुका आणि घातक कचरा वेगळा करून देणे हे प्रत्येक घराचे कर्तव्य ठरवले. तरीही किती सोसायट्यांत तिन्ही एकाच पिशवीत येतात हे आपण कोणत्याही प्रभागात सकाळी फिरून पाहू शकता. सॅनिटरी पॅड कागदात गुंडाळून त्यावर लाल ठिपका काढून द्या, असे पुण्यातल्या कचरावेचक स्त्रियांनी शहराला वर्षानुवर्षे सांगितले आहे. मुलींच्या स्वच्छतागृहात जुना कागद आणि लाल पेन ठेवायला शाळेला किती खर्च येतो? वापरलेले सेल, मोडके चार्जर आणि ट्यूबलाइट मात्र सुक्या कचऱ्यात टाकू नयेत. त्यांची पेटी वेगळी.

आणि कचेरी. आपल्या विभागाचे पंचायत समितीपर्यंतचे कामकाज, मुख्याध्यापकांचे अहवाल, त्यांच्या तीन-तीन प्रती हे सगळे कागदावर चालते. कागद दोन्ही बाजूंनी छापावा, छपाईयंत्राशेजारी पाठकोऱ्यांचा ट्रे असावा, गोपनीय नसलेले कागद यंत्रात कापून त्यांचे तंतू आखूड करू नयेत. सभेत चहा कागदी कपात देऊ नये, कारण त्याच्या आतून प्लास्टिकचा पातळ थर असतो आणि साध्या रद्दीत तो चालत नाही. जे कचेरीत होत नाही ते परिपत्रकाने शाळेत होणार नाही.

आता ज्या गोष्टीसाठी मी सर्वांत आग्रही आहे ती. पुण्यात १९९३ मध्ये कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत ही कचरावेचकांची संघटना उभी राहिली. बाबा आढावांचे मार्गदर्शन तिला लाभले. उकिरड्यावर हाताने वेचणाऱ्या या स्त्रियांनी ओळखपत्रे मिळवली, आपण शहराचे काम करतो हे महापालिकेला मान्य करायला लावले, आणि २००८ मध्ये त्यांची ‘स्वच्छ’ ही सहकारी संस्था महापालिकेशी करार करून दारोदार कचरा गोळा करू लागली. पुण्यातली पुनर्वापराची व्यवस्था त्यांच्या हातांवर उभी आहे. कोणती बाटली कोणत्या भावाने जाते, कोणता डबा ढिगात चालत नाही, काचेचा तुकडा कसा गुंडाळून द्यावा, याचे त्यांच्याइतके ज्ञान कोणाकडे नाही. त्यांना वर्गात शिक्षक म्हणून बोलवावे, खुर्ची द्यावी, मानधन द्यावे. महापालिकेच्या अनेक शाळांत त्यांचीच मुले शिकतात. ज्या मुलीने आईचे काम लपवून ठेवले आहे, तिच्या आईला फळ्यासमोर उभे राहून शिकवताना वर्गाने पाहिले, तर त्या मुलीला काय मिळेल याचा विचार करावा.

यासोबत एक सक्त सूचना परिपत्रकात असली पाहिजे. या कामात पिढ्यानपिढ्या बहुतांश दलित स्त्रिया राहिल्या आहेत, ते त्यांनी निवडले म्हणून नव्हे. त्यामुळे शाळेत वर्गीकरणाची पाळी हजेरीपटाच्या क्रमाने प्रत्येकाला यावी, मुलग्यांना आणि मुलींना, शिक्षकांच्या मुलांनाही. शिक्षा म्हणून हे काम कोणाला दिले जाऊ नये. एकाच वस्तीतल्या मुलांकडे झाडू जाताना दिसला तर मुख्याध्यापकांना जाब विचारावा. मुलांनी आपल्याच वर्गाचा कोरडा कचरा निवडावा, हातमोजे घालून. ओल्या घाणीत किंवा स्वच्छतागृहाच्या कचऱ्यात त्यांचा हात जाऊ नये.

महिन्यातून एकदा भागातल्या कचरावेचक ताईंना किंवा रद्दीवाल्याला बोलवून माल द्यावा, वजन मुलांनी करावे, हिशेब मुलांनी लिहावा, आलेल्या पैशांचे काय करायचे हे मुलांनी ठरवावे. गणित, विज्ञान, परिसर अभ्यास सगळे त्यात येते. वेगळी समिती किंवा नवे पाठ्यपुस्तक यासाठी नको. गुण प्रदर्शनातल्या वस्तूला न देता वर्षभराच्या हिशेबाच्या वहीला द्यावेत.

शाळा जूनमध्ये उघडतात. परिपत्रक त्याआधी निघावे, एका पानाचे असावे आणि पाठपोट छापलेले असावे. ते निघेल की नाही, एवढे आपण कळवावे, ही विनंती.

आपली,
पुण्यातील एक विज्ञानशिक्षिका