नापास नेमके कोण?

जळगाव जामोद तालुक्यात सातपुड्याच्या पायथ्याशी निहाली बोलणारी आदिवासी कुटुंबे राहतात. तेथील मुलाची परीक्षा मात्र प्रमाण मराठीत होते. वाचताना ते अडखळले की ‘कच्चे’ ठरते. त्याला गोष्ट समजली का, हे विचारतो कोण?

शिक्षण हक्क कायदा, २००९ चे कलम २९(२) सातत्यपूर्ण, सर्वंकष मूल्यमापन सांगते. शक्यतो मातृभाषेतून शिक्षणही तेच कलम सांगते. २०१९ ची दुरुस्ती आणि २०२३ चे राज्य नियम यांनी पाचवी-आठवीत नापास करण्याची वाट पुन्हा उघडली.

मराठी आलीच पाहिजे. तहसीलचा अर्ज तिच्यातच लिहावा लागतो. म्हणूनच आमची मागणी आहे : मुलाचे आकलन आधी त्याच्या बोलीत तपासा, मराठीची प्रगती वेगळी नोंदवा. त्याशिवाय कोणालाही मागे ठेवू नका.