ज्ञाता ईश्वर आणि महूचा आक्षेप

ईश्वर प्रत्येक मनुष्याला त्याच्या नावानिशी आणि त्याने जगापासून लपवलेल्या दोषांसह पूर्णपणे ओळखतो, आणि ओळखूनही त्याच्यावरचे प्रेम मागे घेत नाही, हा विश्वास ख्रिस्ती भक्तिजीवनाचा फार मोठा आधार आहे. जुन्या करारातील १३९ वे स्तोत्र, मालकिणीच्या जाचाने रानात पळालेल्या हागार या दासीची कथा, डोक्यावरचे केसदेखील मोजलेले आहेत असे सांगणारा येशूचा उपदेश आणि विहिरीवर आलेल्या शोमरोनी स्त्रीशी झालेला त्याचा संवाद, या सर्व ठिकाणी तोच विश्वास वेगवेगळ्या रूपांत प्रकट होतो. या दिलाशावर घेतले जाणारे आक्षेप मात्र सारख्या वजनाचे नाहीत, आणि ख्रिस्ती मंडनकारांची नेहमीची चूक अशी की, ते हलक्या आक्षेपांना सविस्तर उत्तरे देतात आणि जड आक्षेपाजवळून घाईने पुढे जातात. खंडनमंडनाची जुनी शिस्त अशी आहे की, पूर्वपक्ष, म्हणजे प्रतिपक्षाचे म्हणणे, त्याच्या सर्वांत बळकट रूपात मांडल्यावाचून उत्तरपक्षाला बोलण्याचा अधिकार मिळत नाही.

हलका आक्षेप आधी निकालात काढणे सोयीचे. सिग्मंड फ्रॉइड यांनी १९२७ मध्ये असे प्रतिपादन केले की, असहाय बालकाला वडिलांचा जो आधार वाटतो, त्याचेच आकाशाएवढे झालेले रूप म्हणजे ईश्वर होय, आणि म्हणून हा दिलासा केवळ इच्छापूर्तीचा खेळ आहे. परंतु इच्छेतून जन्मलेली समजूत खोटीच असते असे नाही, हे फ्रॉइड यांनी स्वतःच मान्य केलेले आहे. शिवाय १३९ व्या स्तोत्राचा कर्ता आपण ओळखले गेलो आहोत हे लक्षात येताच स्वर्गात, अधोलोकात किंवा समुद्राच्या पलीकडे पळून जाण्याचा विचार करतो, आणि ज्याच्यापासून पळावेसे वाटते असा ईश्वर कोणी हौसेने कल्पिला असेल, हे संभवत नाही. ज्यां-पॉल सार्त्र यांचा आक्षेप याहून खोल आहे. लहानपणी काड्यापेटीशी खेळताना सतरंजी जळाली असता ईश्वर आपल्याकडे पाहत आहे अशी जाणीव त्यांना झाली आणि त्या पाहण्याचा त्यांना विलक्षण संताप आला, असे त्यांनी १९६४ च्या आत्मचरित्रात नमूद केले आहे. पाहणारा स्वतः सुरक्षित आहे आणि पाहिला जाणारा उघडा पडला आहे, या विषमतेविरुद्धचा हा संताप आहे. तो अनाठायी म्हणता येत नाही, कारण नुसत्या सर्वज्ञतेत दिलासा नाही. सर्वज्ञ असा तुरुंगाधिकारीही असू शकतो.

भारतीय भूमीवर या प्रश्नाची तात्त्विक मांडणी सर्वांत कसून केली ती काशीत वाढलेल्या एका महाराष्ट्रीय ब्राह्मणाने. नीळकंठशास्त्री गोरे (१८२५–१८९५) यांनी तरुणपणी जॉन म्यूर यांच्या ख्रिस्ती मतप्रतिपादनाला उत्तर म्हणून 'शास्त्रतत्त्वविनिर्णय' हा संस्कृत ग्रंथ रचला होता. ज्या ईश्वराच्या राज्यात पूर्वकर्मावाचून जीवाच्या वाट्याला दुःख येते तो ईश्वर पक्षपाती ठरतो, हा त्यातील एक मुख्य मुद्दा होता. पुढे १८४८ मध्ये जौनपूर येथे त्यांनी बाप्तिस्मा घेतला, नेहेम्या हे नाव धारण केले आणि १८६० मध्ये 'षड्दर्शन दर्पण' हा हिंदी ग्रंथ प्रसिद्ध करून सांख्य, न्याय आणि वेदान्त या दर्शनांची त्यांच्याच परिभाषेत झडती घेतली. वेदान्ताच्या परीक्षणात त्यांनी लावून धरलेला एक मुद्दा प्रस्तुत विषयाच्या अगदी गाभ्याचा आहे. अद्वैतमताप्रमाणे ब्रह्म ज्ञानस्वरूप आहे, परंतु परमार्थतः त्याच्याहून वेगळे असे काहीच नसल्यामुळे ते कशालाही जाणत नाही. तेव्हा ज्या ज्ञानाला ज्ञेय, म्हणजे जाणण्याचा विषय, नाही, त्याला ज्ञान म्हणण्यात अर्थ काय, असा गोरे यांचा प्रश्न आहे.

हा प्रश्न परकीय शस्त्रागारातून आलेला नाही, आणि हे ध्यानात घेतले नाही तर गोरे यांच्यावर अन्याय होतो. कोणतेही ज्ञान कशाचे तरी असते आणि कोणाला तरी होते, निर्विषय आणि निराश्रय ज्ञान अनुभवात कोठेही आढळत नाही, हे रामानुजाचार्यांनी श्रीभाष्यात अद्वैताविरुद्ध आधीच मांडले होते. अद्वैताचे उत्तरही तितकेच जुने आहे. प्रकाशित करण्याजोगी वस्तू समोर नसली तरी सूर्य प्रकाशतो असे म्हटले जातेच, असा दृष्टान्त शंकराचार्यांनी ब्रह्मसूत्रभाष्यात दिला आहे. शिवाय व्यावहारिक पातळीवर, म्हणजे अविद्या निवृत्त होईपर्यंतच्या पातळीवर, सर्वज्ञ आणि दयाळू ईश्वर त्यांनी मानलाच आहे. ज्ञानाच्या स्वरूपापुरता विचार केला तर हे उत्तर टिकाऊ आहे, आणि ते बालिश ठरवणाऱ्या मिशनरी पुस्तिकांनी स्वतःचेच हसे करून घेतले. दिलाशाच्या दृष्टीने मात्र ते पुरत नाही. जो ईश्वर जीवाला ओळखतो आणि त्याच्यावर दया करतो, तो ईश्वर व तो जीव हे दोन्ही भेद परमार्थात बाधित होतात, म्हणजे उच्चतर ज्ञानाने रद्द ठरतात; मग त्यांच्यामधील प्रेमही शेवटी रद्द होणाऱ्या गोष्टींच्या यादीत जाते. न्यायमतातील ईश्वर याच्या उलट खरोखर सर्वज्ञ आहे, पण जीव त्याने निर्माण केलेले नाहीत आणि तो त्यांच्या कर्मानुसार फळांची वाटणी करतो. अशा ईश्वराची जीवाविषयीची ओळख चोख असली तरी ती हिशेबाची ओळख असते. ख्रिस्ती मताचा दावा या दोहोंहून वेगळा आहे. ओळख आणि प्रेम हे ईश्वराच्या ठायी अंतिम सत्य आहेत, आणि ते मनुष्याच्या पात्रतेच्या आधीचे आहेत.

यावर महाराष्ट्रातील वाचक साहजिकच विचारील की, हे सर्व पंढरपुरात नाही काय? आहे, आणि ख्रिस्ती लेखकाने ते मोकळेपणाने कबूल करावे. जनाबाईबरोबर दळण दळणारा विठ्ठल हा ना निर्विषय ज्ञान आहे, ना कर्मफळांचा हिशेबनीस. भक्ताला ओळखणारा आणि त्याच्या कष्टांत हात घालणारा तो देव आहे. १८९५ मध्ये ख्रिस्ती झालेले नारायण वामन टिळक आपण तुकारामाच्या पुलावरून ख्रिस्ताकडे आलो, अशा आशयाचे उद्गार काढीत, ते उगाच नव्हे. 'हे केवळ आमच्याकडेच आहे' हा प्रचारकी दावा म्हणून सोडून देणे बरे. फरक उरतो तो असा की, ख्रिस्ती मत या प्रेमाचा पुरावा इतिहासातील एका घटनेत शोधते. ईश्वर मनुष्य झाला, त्याने भूक, विश्वासघात आणि वधस्तंभावरील मरण सोसले, आणि म्हणून तो मनुष्याला केवळ वरून पाहून ओळखत नाही, सोसून ओळखतो, असे इब्री लोकांस लिहिलेल्या पत्राचे म्हणणे आहे. सार्त्र यांच्या संतापाला याहून योग्य उत्तर नाही, कारण येथे पाहणारा सुरक्षित राहिलेला नाही, आणि ज्यांच्यापुढे तो उघडा पडला त्यांनी त्याची विटंबना केली.

तरीही पंढरपुराचे नाव घेतल्यावर महार संत चोखामेळ्याची समाधी विसरता येत नाही. देवाने त्याला ओळखले होते असे सर्व वारकरी संप्रदाय मानत आला. पण त्याची समाधी महाद्वाराबाहेर राहिली, आणि त्याच्या जातीच्या लोकांसाठी ते मंदिर उघडण्याकरिता साने गुरुजींना १९४७ मध्ये उपोषण करावे लागले. देवाने ओळखले, माणसांनी दार लावले. सर्वांत जड आक्षेप येथूनच सुरू होतो, आणि तो ख्रिस्ती मंडळीलाही सोडत नाही.

त्या आक्षेपाचा धनी महू येथे जन्मला. मंदसोरच्या तहानंतर १८१८ मध्ये जॉन माल्कम यांनी इंदूरजवळ वसवलेल्या या लष्करी छावणीत गोऱ्या सैनिकांसाठी चर्च होते. १८७७ पासून कॅनडातील प्रेस्बिटेरियन मिशनने इंदूर आणि महू या दोन्ही ठिकाणी काम सुरू केले, आणि कौली संघ या अँग्लिकन संन्यासी संघाचे ओनील हे इंग्रज धर्मगुरू इंदूर शहरात अत्यंत साधेपणाने राहून १८८२ मध्ये तेथेच निवर्तले. म्हणजे १४ एप्रिल १८९१ रोजी सुभेदार रामजी सकपाळ यांच्या घरी भीमराव आंबेडकर जन्मले तेव्हा ईश्वर सर्वांना ओळखतो आणि सर्वांवर प्रेम करतो हा संदेश त्या परिसरात पोचलेला होता. आता तेथे त्यांचे स्मारक आहे आणि गावालाही त्यांचेच नाव दिलेले आहे.

डॉ. आंबेडकरांच्या 'वेटिंग फॉर अ व्हिसा' या आत्मकथनपर लेखनात ओळखले जाण्याचा एक वेगळाच इतिहास आहे. वडिलांना भेटण्यासाठी गोरेगावला निघालेल्या मुलांशी मसूर स्थानकाचा स्टेशनमास्तर आधी आपुलकीने बोलतो, आणि ती महार आहेत हे कळताच त्याचा चेहरा पालटतो. पुढे परदेशातून उच्च शिक्षण घेऊन बडोद्यास नोकरीवर आलेल्या या विद्वानाला पारशी धर्मशाळेत नाव लपवून राहावे लागते आणि जात उघड होताच लाठ्या घेतलेल्या जमावाच्या धमकीने ती सोडावी लागते. जेथे ओळख पटणे म्हणजे हाकलले जाणे असते, तेथे 'तुला पूर्णपणे ओळखणारा कोणी आहे' हे वाक्य प्रथमदर्शनी धमकीसारखेच वाटेल. त्याच दिवशी आंबेडकरांनी आसऱ्यासाठी दोन मित्रांना विचारले, त्यांपैकी एक ख्रिस्ती होता. पत्नी उद्या येणार आहे, तिला विचारून सांगतो, असे त्याने उत्तर दिले. हे कुटुंब मूळचे ब्राह्मण असून पती विचाराने उदार झाला तरी पत्नीचे सोवळे सुटले नव्हते, हे आंबेडकरांना नंतर समजले. त्या रात्री त्यांनी मुंबईची गाडी पकडली. मराठी ख्रिस्ती मंडळीत प्रवचनासाठी पुष्कळ दाखले सांगितले जातात. हा दाखला क्वचितच सांगितला जातो.

भारतीय ख्रिस्ती समाजावरील आपल्या लेखनात आंबेडकरांनी जे दोषारोप केले, त्यांपैकी एक थेट सिद्धान्ताला भिडतो. मनुष्याची दुर्दशा त्याच्या स्वतःच्या पापामुळे आहे, परिस्थितीमुळे नाही, असे शिकवल्यामुळे धर्मांतरिताला परिस्थिती बदलण्याची प्रेरणा मिळत नाही, असा त्याचा आशय आहे. ईश्वर मला ओळखतो या दिलाशाचे रूपांतर 'म्हणून जे आहे ते सोसावे' यात होत असेल, तर तो दिलासा अन्यायाचा साथीदार ठरतो. या पूर्वपक्षाला बायबलातूनही आधार मिळतो. हागारेला देवाने पाहिले, तिने देवाला 'पाहणारा' असे नाव दिले, आणि तरी तिला त्याच मालकिणीकडे परत जाऊन तिच्या हाताखाली राहण्याचा आदेश मिळाला. हा भाग गाळून तिची कथा सांत्वनासाठी सांगणे प्रामाणिकपणाचे नाही.

परंतु बायबल तेथे थांबत नाही. निर्गमाच्या तिसऱ्या अध्यायात देव मोशेला सांगतो की, मिसर देशातील आपल्या लोकांची विपत्ती त्याने पाहिली आहे, मुकादमांमुळे त्यांनी केलेला आकांत ऐकला आहे आणि त्यांचे क्लेश तो जाणतो. आणि हे सांगून झाल्यावर लगेच त्यांना सोडवण्यासाठी उतरल्याचे तो म्हणतो. येथे ईश्वराचे ओळखणे हे गुलामगिरी मोडण्याच्या कृतीचा पहिला भाग आहे. शिवाय त्या गुलामांच्या दुःखाचे कारण त्यांचे पाप आहे असे तो अध्याय सुचवीतही नाही. कारण म्हणून मुकादमच सांगितलेले आहेत. म्हणजे ज्या परिस्थितीकडे दुर्लक्ष केल्याचा दोष आंबेडकर देतात, ती बायबलातील ईश्वराच्या ज्ञानाचा विषयच आहे. पौलानेही देवाने ओळखले जाणे हे त्याच्यावर प्रीती करण्याशी जोडले आहे, आणि योहानाच्या पहिल्या पत्रात समोर दिसणाऱ्या भावावर प्रीती न करणाऱ्याचा देवावरील प्रीतीचा दावा खोटा ठरवला आहे. या आधारांवर उभा असलेला दिलासा परिस्थितीशी तडजोड शिकवू शकत नाही.

तेव्हा निर्णय असा करावा लागतो की, आंबेडकरांचा आक्षेप सिद्धान्ताला पाडत नाही, पण तो सिद्धान्त ज्यांच्या हाती होता त्यांना दोषी ठरवतो, आणि हा दोष लहान नाही. इच्छापूर्तीचा आक्षेप, पाहण्याच्या अत्याचाराचा आक्षेप आणि निर्विषय ज्ञानाचे उत्तर, या तिन्हींचा समाचार ग्रंथात घेता येतो. चौथ्याचा समाचार घरात आणि मंडळीच्या पंगतीत घ्यावा लागतो, आणि तेथे जाती पाळणाऱ्या ख्रिस्ती कुटुंबांनी तो अजून घेतलेला नाही. आंबेडकरांनी १९३५ मध्ये येवल्याला धर्मांतराची घोषणा केली, तेव्हापासून ख्रिस्ती मंडळीला उत्तर देण्यासाठी एकवीस वर्षे मिळाली होती. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी त्यांनी नागपुरात आपल्या लाखो अनुयायांसह बौद्ध धम्माची दीक्षा घेतली.