बीड जिल्हा आधी बीडकरांना दाखवावा : एसटी महामंडळास खुले पत्र

प्रति,
मा. उपाध्यक्ष तथा व्यवस्थापकीय संचालक,
महाराष्ट्र राज्य मार्ग परिवहन महामंडळ, मुंबई

विषय : बीड जिल्ह्यांतर्गत एकदिवसीय दर्शन-फेऱ्या सुरू करण्याबाबत



१ जून १९४८ रोजी पुणे–अहमदनगर मार्गावर पहिली एसटी धावली तेव्हा बीड जिल्हा निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. १९५६ मध्ये मराठवाडा मुंबई राज्यात आला आणि पुढच्या काळात या जिल्ह्यातील सामान्य माणसाच्या प्रवासाला एसटीवाचून दुसरे साधन जवळजवळ उरले नाही. परळी आणि अंबाजोगाई तालुक्यातील घाटनांदूर यांसारखी मोजकी स्थानके सोडली तर रेल्वे जिल्ह्याच्या कडेनेच जात राहिली. नगरहून आष्टीपर्यंत ती २०२२च्या सप्टेंबरात पोहोचली आणि बीड शहरातून पहिली गाडी सुटण्यासाठी १७ सप्टेंबर २०२५चा मराठवाडा मुक्तिसंग्राम दिन उजाडावा लागला. जिल्ह्यातल्या जिल्ह्यात हिंडण्याफिरण्याचा प्रश्न पर्यटन विकास महामंडळाऐवजी परिवहन महामंडळापुढे मांडला जात आहे, त्यामागे हा इतिहास आहे.

एसटीचे वेळापत्रक गरजेतून घडले आहे आणि ती गरज खोटी नाही. संध्याकाळी गावात येऊन रात्र तिथेच काढणारी आणि पहाटे तालुक्याच्या गावी परतणारी ‘मुक्कामी गाडी’ ही त्या वेळापत्रकाची मूळ कल्पना आहे. शाळा-महाविद्यालय, तहसील, बाजार, दवाखाना आणि न्यायालय अशी त्या गाडीतील माणसांची कामे असतात. परिणामी बहुतेक फेऱ्या खेड्याकडून तालुक्याकडे आणि तालुक्याकडून जिल्ह्याच्या ठिकाणी धावतात, तर पाहण्याजोगी स्थळे मात्र या रेषांच्या मधल्या मोकळ्या जागेत, मुख्य रस्त्यापासून थोडी आत पडलेली आहेत. मांजरसुंब्याला चहासाठी गाडी थांबते. तिथून जवळच असलेल्या कपिलधारला, मन्मथस्वामींच्या समाधीकडे आणि पावसाळ्यातील धबधब्याकडे जायचे तर प्रवाशाला दुसरी सोय पाहावी लागते. त्यात जिल्हा पूर्व-पश्चिम असा लांबट पसरलेला आहे. आष्टीच्या माणसाला बीडपेक्षा नगर जवळ पडते, अंबाजोगाईचा माणूस कामासाठी लातूरकडे वळतो, आणि २०११च्या जनगणनेनुसार सुमारे २५ लाख ८५ हजार वस्तीच्या या जिल्ह्याची दोन टोके एकमेकांना फारशी ओळखत नाहीत.

ही अनोळख किती महागात पडते हे कळण्यासाठी जिल्ह्याची जडणघडण थोडी तपशिलाने पाहावी लागेल. बालाघाटच्या डोंगररांगेने जिल्ह्याचे दोन भाग केले आहेत. रांगेच्या उत्तरेला गोदावरीच्या काठची काळ्या जमिनीची सखल पट्टी आहे आणि गोदावरीला ‘गंगा’ म्हणण्याची जुनी रीत असल्यामुळे या पट्टीला गंगथडी म्हणतात. दक्षिणेला उंचावरचे पठार आहे, ज्याच्या पाटोदा भागात मांजरा नदी उगम पावते. गंगथडीत गेवराई तालुक्यातील राक्षसभुवन हे गाव शनीच्या स्थानासाठी लोकांना ठाऊक असले, तरी १० ऑगस्ट १७६३ रोजी याच गावाजवळ माधवराव पेशव्यांनी निजामाच्या सैन्याचा पराभव केला आणि निजामाचा दिवाण विठ्ठल सुंदर त्या लढाईत मारला गेला, ही गोष्ट शनिअमावास्येच्या गर्दीत कोणी कोणाला सांगत नाही. भरलेल्या गोदावरीमुळे निजामाची फौज दोन काठांवर विभागली गेली होती आणि अलीकडच्या काठावर राहिलेल्या भागावर पेशव्यांचा घाला पडला. नदीचे पात्र समोर असताना हे कोणत्याही शाळकरी मुलाला पाच मिनिटांत समजते, वर्गात मात्र तास घालवूनही समजतेच असे नाही.

त्याच काठावर माजलगाव तालुक्यातील पुरुषोत्तमपुरी आहे. अधिक महिन्यात तिथे मोठी यात्रा भरते, कारण हा महिना पुरुषोत्तमाचा मानला जातो. या गावाच्या नावाचा ताम्रपट, म्हणजे तांब्याच्या पत्र्यावर कोरलेले दानपत्र, देवगिरीच्या रामचंद्रदेव यादवाच्या काळातील असून तो शके १२३२चा, म्हणजे इसवी सन १३१०चा आहे. यादवांची सत्ता मावळत असताना हे गाव अग्रहार म्हणून, म्हणजे विद्वान ब्राह्मणांना दान दिलेले गाव म्हणून वसवले गेले, आणि त्याचा लेखी पुरावा मागे राहिला, ही यात्रेइतकीच सांगण्यासारखी बाब आहे.

पठाराच्या बाजूला दृश्य पालटते. पाटोदा तालुक्यात नायगावचे मयूर अभयारण्य आहे आणि सौताड्याला विंचरणा नदी खोल दरीत उडी घेते, जिथे तळाशी रामेश्वराचे देऊळ आहे. तो धबधबा पावसावर जगतो, तेव्हा तिथली फेरी श्रावण-भाद्रपदातच शोभेल. बीड शहराच्या दक्षिणेची खजाना विहीर मात्र कोणत्याही ऋतूत पाहावी अशी आहे. अहमदनगरच्या निजामशाहीच्या काळात, १५८२ मध्ये, बीडचा जहागीरदार सलाबतखान याने ती बांधवली आणि तिची रचना राजा भास्कर या स्थापत्यकाराने केली असे सांगितले जाते. जमिनीखालच्या भुयारी वाटांनी विहिरीत पाणी येते आणि तशाच वाटेने शेतांकडे जाते. दुष्काळाचे नाव निघाले की बीडचे नाव निघते अशा काळात सव्वाचारशे वर्षांहून जुनी ही पाणीव्यवस्था जिल्ह्यातल्या प्रत्येक शेतकऱ्याने एकदा तरी आत डोकावून पाहायला हवी. बीडच्या दर्शनात कंकालेश्वराचे पाण्यात उभे असलेले देऊळ आणि शहेनशाहवली दर्गा येथे लोक स्वतःहून जातात, म्हणून त्यांच्याविषयी अधिक लिहिण्याची गरज नाही.

अंबाजोगाईचे प्रकरण वेगळे आहे, कारण तिथे लोक येतात आणि तरीही गाव न पाहता परततात. योगेश्वरीचे दर्शन घेऊन कोकणस्थ कुटुंबे परतीची गाडी धरतात, मार्गशीर्षातील उत्सवात तर गर्दी मोठी असते. परंतु याच गावात ‘विवेकसिंधु’कार मुकुंदराजांची समाधी आहे, ज्यांना परंपरा मराठीचे आद्यकवी मानते, दासोपंतांची समाधी आहे, ज्यांनी कागद न वापरता लांबलचक कापडावर, म्हणजे पासोडीवर, ग्रंथ लिहिला, आणि हत्तीखाना या नावाने ओळखली जाणारी कोरीव लेणी आहेत. शेजारच्या परळी तालुक्यातील धर्मापुरीला चालुक्य शैलीतील केदारेश्वराचे मंदिर आणि किल्ला आहे. पलीकडे धारूरचा किल्ला आदिलशाहीच्या काळात किश्वरखानाने उभारला, आणि त्या भागातील डोंगरउतारांवरच्या सीताफळाला भौगोलिक मानांकन मिळाले आहे. दसऱ्यानंतर धारूरला जाणाऱ्या फेरीत किल्ला आणि सीताफळ दोन्ही साधतील. परळी वैजनाथाला महामंडळाने नव्याने काही करावे असे नाही. ज्योतिर्लिंगाला गाड्यांची वाण कधीच पडलेली नाही.

येथे एक आक्षेप अपेक्षित आहे : ज्या जिल्ह्यातून दर वर्षी लाखो माणसे पोटासाठी बाहेर जातात, तिथे सहलीची भाषा शोभते काय? दिवाळीच्या सुमारास मुकादमाकडून उचल, म्हणजे मजुरीची आगाऊ रक्कम, घेऊन पश्चिम महाराष्ट्र आणि कर्नाटकातील कारखान्यांकडे निघणारी ऊसतोड कुटुंबे या जिल्ह्यातील सर्वांत मोठे प्रवासी आहेत. एका कोयत्याचा, म्हणजे नवरा-बायकोच्या एका जोडीचा, प्रवास ट्रकमध्ये भांड्याकुंड्यांवर बसून होतो आणि हंगाम संपेपर्यंत परत येणे नसते. ही माणसे शेकडो मैल हिंडतात, परंतु स्वतःच्या तालुक्यापलीकडचा बीड जिल्हा त्यांच्यापैकी बहुतेकांनी पाहिलेला नसतो. आक्षेपाचे उत्तर याच वस्तुस्थितीत आहे. हौसेचा प्रवास हा पुण्या-मुंबईच्या सुट्टीतील माणसाचा हक्क आणि गरजेचा प्रवास हा बीडच्या मजुराचा वाटा, ही वाटणी महामंडळाने मान्य करू नये. पावसाळ्यात ही कुटुंबे गावी असतात, आणि सौताडा व कपिलधार पाहण्याचा काळही तोच असतो.

खर्चाचा मुद्दा टाळता येणार नाही, कारण महामंडळ तोट्याच्या ओझ्याखाली आहे. परंतु केरळच्या राज्य परिवहन महामंडळाने, ज्याची आर्थिक स्थिती काही सुखाची नव्हती, २०२१ मध्ये ‘बजेट टुरिझम सेल’ स्थापन करून आपल्या आगारांतूनच स्वस्त एकदिवसीय सहली सुरू केल्या; हाताशी असलेल्या गाड्या आणि चालक-वाहक यांच्या बळावर उत्पन्नाची वेगळी वाट काढता येते हे त्यातून दिसले. बीड विभागातही रविवारी विद्यार्थ्यांची वाहतूक थांबते आणि काही गाड्या मोकळ्या होतात. ७५ वर्षांवरील ज्येष्ठांना ऑगस्ट २०२२ पासून मोफत प्रवास आणि महिलांना मार्च २०२३ पासून निम्मे भाडे आहे. या सवलती दर्शन-फेरीलाही लागू राहिल्या तर गाडी भरण्याची काळजी करावी लागणार नाही. ‘आवडेल तेथे प्रवास’ हा चार किंवा सात दिवसांचा पास फार जुना आहे, पण दिवसभरात एक ठिकाण पाहून मुक्कामी गाडीने घरी परतू इच्छिणाऱ्या शेतकऱ्याला त्याचा उपयोग नाही. शाळांच्या सहलींना एसटी निम्म्या भाड्याची सवलत देते आणि त्या सहली रायगड, अजिंठा, महाबळेश्वर असा ठरलेला रस्ता धरतात, याचा दोष मात्र एसटीला देता येणार नाही. तो शाळांनी स्वतःकडे घ्यावा.

वेळापत्रक कागदावर राहून चालणार नाही, ते गावात पोहोचले पाहिजे. सप्ताह, यात्रा, उरूस आणि आठवडी बाजार यांची बातमी बीडमध्ये आजही फलाटावर, वाहकाच्या तोंडून आणि स्थानिक दैनिकांच्या आतल्या पानांतून फिरते, आणि त्या दैनिकांचे गठ्ठेही कित्येक वर्षे पहाटेच्या एसटीनेच गावोगाव गेले आहेत. महिन्याच्या फेऱ्यांची सूचना त्याच पानांत आणि आगाराच्या फळ्यावर यावी. प्रत्येक फेरीत इतिहासाच्या एखाद्या स्थानिक शिक्षकाला मानधनावर सोबत घ्यावे, म्हणजे राक्षसभुवनला उतरलेला प्रवासी शनीसोबत माधवरावांचीही ओळख करून घेईल.

येत्या श्रावणापासून बीड आणि अंबाजोगाई या दोन आगारांतून दर रविवारी एक फेरी, सहा महिन्यांच्या चाचणीसाठी, सुरू करावी. बीड रेल्वे स्थानकावर उतरणाऱ्या प्रवाशालाही त्या फेरीत जागा मिळावी. आणि सहा महिन्यांनी तिकिटांचा हिशेब जाहीर करून फेरी चालू ठेवायची की बंद करायची हे त्या आकड्यांवर ठरवावे, ही विनंती.