लांडगा आला रे आला!

खोटी आरोळी ठोकणाऱ्या गुराख्याची गोष्ट आपण सर्वांनी ऐकली आहे. इ. स. २०२५ च्या एप्रिल महिन्यांत तशीच एक आरोळी जगभर उठली. हजारों वर्षांपूर्वीं नामशेष झालेला 'डायर वुल्फ', म्हणजे भयंकर लांडगा, आपण पुनः जन्मास आणला, असें एका अमेरिकन कंपनीनें जाहीर केलें. शुभ्र केसांच्या त्या तीन पिलांचीं चित्रें पाहून मुलांस आनंद होणें स्वाभाविक आहे. परंतु वस्तूस तिच्या खऱ्या नांवानें हांक मारावी, हा विद्येचा पहिला धडा होय.

हा प्राणी अमेरिकेचा. जोसेफ लायडी या शास्त्रज्ञानें इ. स. १८५८ मध्यें त्याचें नामकरण केलें. लॉस एंजेलिस शहरांत रांचो ला ब्रेआ येथें जमिनींतून डांबर पाझरतें. त्यांत एखादें जनावर रुतलें कीं, त्यास खावयास आलेले हे शिकारीहि तेथेंच अडकत. अशा ४,००० हून अधिक डायर वुल्फांच्या अस्थि तेथें सांपडल्या आहेत. इतर ठिकाणच्या हाडांतील डी. एन. ए. तपासून शास्त्रज्ञांनीं इ. स. २०२१ मध्यें दाखविलें कीं, आजच्या लांडग्याशीं त्याचें रूप जुळतें, पण कूळ जुळत नाहीं; दोघांच्या वाटा सुमारें ५७ लक्ष वर्षांपूर्वींच वेगळ्या झाल्या.

मग हीं पिलें कोणाचीं? करड्या लांडग्याच्या १४ जनुकांत २० फेरफार करून तीं जन्मविलीं आहेत. त्यांतील कौशल्य आम्ही नाकारीत नाहीं. परंतु आमच्या मतें तीं करड्या लांडग्याचींच पिलें होत. शिवाय, ज्या प्राचीन घोड्यांवर व उंटांवर डायर वुल्फ जगत असे, त्यांचे कळप कोठून आणावे?

त्याच करड्या लांडग्याच्या जातीचा एक वंश आमच्या सोलापूर-पुण्याकडील माळरानांवर अद्याप नांदत आहे. इ. स. १९७२ च्या कायद्यानें त्याची शिकार निषिद्ध आहे. परंतु त्याच्या माळास आपण 'पडीक' म्हणतों आणि नांगर घालतों किंवा इमारती उठवितों. धनगराचें मेंढरूं गेलें तर त्याचें दुःख खरें आहे. त्यास भरपाई वेळेवर मिळालीच पाहिजे. पण माळच उरला नाहीं, तर लांडगा राहील कोठें?

पालकहो, सुट्टींत मुलांस एकदां माळ दाखवा. 'लांडगा आला' म्हणून ओरडणारे पुष्कळ आहेत. 'लांडगा चालला' हें वेळींच सांगणारे आमच्या विद्यार्थ्यांतून निघोत.