पंप विकत घेण्याआधी

नामकरणाच्या आहेरात, नाहीतर शहरात राहणाऱ्या नणंदेच्या पिशवीतून, आपल्या वस्त्यांत अलीकडे एक नवी वस्तू येऊ लागली आहे. ती म्हणजे अंगावरचं दूध काढायचा पंप. काही घरांत त्याचं कौतुक होतं, काही घरांत "बाई आहे की म्हैस?" म्हणून हसतात. हसणाऱ्यांशी मला वाद घालायचा नाही. पण जी घरं तो विकत घ्यायच्या विचारात आहेत, त्यांना माझं मत आधीच सांगते. पंप ही चैन नाही, काही आयांना तो औषधाइतकाच लागतो. मात्र आपल्या बदनापूरच्या बहुतेक बाळंतिणींना पंपाच्या आधी दुसरी गोष्ट हवी असते. तिला दिवसातून तीन वेळा, अर्धा अर्धा तास कोणी देत नाही.

आपल्याकडे बाळंतीण घरात किती दिवस बसते? कागदावर सव्वा महिना. प्रत्यक्षात हात चालायला लागले की काम सुरू. कोणी जालन्याच्या एमआयडीसीत पॅकिंगला जाते, कोणी सकाळच्या गाडीने शेंद्र्याकडे, कोणी धुणीभांड्याला, आणि कापूस फुटला की निम्मी वस्ती वेचणीला. बाळ आजीजवळ. आजीचा जीव असतो हो बाळावर, पण बाळ रडलं की तिच्या हाताशी काय असतं? पाणी घातलेलं गाईचं दूध आणि एक बाटली. ती बाटली दिवसातून किती वेळा उकळली जाते, हे आपण आपल्याच मनाला विचारावं. मग जुलाब, मग सलाईन, मग दवाखान्याचं बिल. पहिले सहा महिने बाळाला आईच्या दुधाशिवाय काही नको, उन्हाळ्यातही वरचं पाणी नको, हे सिस्टर, आशाताई सगळ्याच सांगतात. आईच नऊ तास घरात नसेल तर ते पाळायचं कसं, हे मात्र फार कमी जणी सांगतात. दूध काढून ठेवणं हे त्याचं उत्तर आहे.

आता वेचणीचा हिशोब बघा. मजुरी किलोवर. जी बाई दुपारी अर्धा तास बांधाच्या आडोशाला बसून दूध काढील, तिचा तेवढा कापूस कमी भरणार आणि संध्याकाळी काट्यावर तो दिसणार. म्हणून ती बसत नाही. छाती दगडासारखी दाटते, पान्हा फुटून पोलकं भिजतं, ती वर पदर घेते आणि ओळ पुरी करते. असं आठ-पंधरा दिवस चाललं की दूध खरंच आटतं, कारण निघालं नाही तर शरीर ते बनवणं कमी करतं. मग घरचे म्हणतात, "हिला दूधच नाही." दूध होतं. ते काट्यावर गेलं.

बाबासाहेबांनी हे शंभर वर्षांपूर्वी ओळखलं होतं. १९२८ साली मुंबईच्या कायदेमंडळात प्रसूती लाभाचं विधेयक आलं, तेव्हा त्यांनी त्याला पाठिंबा दिला. बाळंतपणाच्या आधी आणि नंतर आईला विसावा मिळणं हे साऱ्या देशाच्या हिताचं आहे, म्हणून त्याचा भार मुख्यतः सरकारने उचलावा, आणि बाईच्या श्रमावर नफा मिळवणारा मालकही त्यातून सुटू नये, असं त्यांचं म्हणणं होतं. १९२९ मध्ये तो कायदा झाला. पण तो मुंबई इलाख्यातल्या कारखान्यांपुरता. आपला भाग तेव्हा निजामाच्या राज्यात होता, १९४८ पर्यंत. पुढे मजूरमंत्री असताना त्यांनी खाणीतल्या बायकांच्या प्रसूती लाभाच्या कायद्यातही सुधारणा केल्या. आणि ज्या घरात रमाईंनी चार लेकरं गमावली, त्या घरातल्या माणसाला बाळाच्या आरोग्याचा प्रश्न पुस्तकात वाचावा लागला नव्हता.

आज कायदा काय देतो? १९६१ च्या प्रसूती लाभ कायद्याने कामावर परतलेल्या आईला, मूल पंधरा महिन्यांचं होईपर्यंत, रोजच्या सुट्टीशिवाय दूध पाजण्यासाठी दोन वेळा मोकळीक दिली. २०१७ च्या दुरुस्तीने पगारी रजा पहिल्या दोन मुलांसाठी २६ आठवडे केली, आणि पन्नास किंवा अधिक कामगार असतील तिथे पाळणाघर सक्तीचं केलं. पाळणाघरात दिवसातून चार वेळा जायची मुभा आहे. ठेकेदारामार्फत असलात तरी आधीच्या बारा महिन्यांत ८० दिवस काम भरलं असेल तर हक्क लागू होतो. एमआयडीसीत जाणाऱ्या मुलींनो, हे सुपरवायझरला तोंडी विचारू नका, लेखी मागा, आणि एकटीने मागू नका. कापूस वेचणारीला मात्र यातलं काहीच नाही. तिचा मालक दर आठवड्याला बदलतो.

एवढं झाल्यावर पंपाकडे येऊ. पहिला पंप आपला हात. याला खर्च नाही, चार्जिंग नाही, उकळायचे सुटे भाग नाहीत. हात साबणाने स्वच्छ धुवा. कोमट ओल्या फडक्याने छाती दोन मिनिटं शेका, हलक्या हाताने चोळा. अंगठा वर, बाकी बोटं खाली, इंग्रजी सी अक्षरासारखी पकड करा. बोटं स्तनाग्रावर नाही, त्याच्याभोवतीच्या काळ्या गोलाच्या कडेवर हवीत. आधी छातीच्या पिंजऱ्याकडे मागे दाबा, मग अंगठा आणि बोट एकमेकांकडे दाबा, सोडा. पुन्हा तसंच. कातडीवरून बोटं घासत ओढू नका. त्याने फक्त सोलवटतं. पहिलं मिनिटभर काहीच येत नाही, मग थेंब, मग धार. चार-पाच मिनिटांनी बाजू बदला. दोन्ही बाजू मिळून वीस ते तीस मिनिटं लागतात. बाळंतपणानंतरच्या पहिल्या दोन-तीन दिवसांतला चीक तर हातानेच काढावा. तो असतो चमचाभर, घट्ट. पंपात तो नळीलाच चिकटून राहतो. तो चीक फेकणारी घरं आपल्यात आता कमी झाली आहेत, पण संपलेली नाहीत.

हाताने जमत नाही, मनगट दुखतं, किंवा रोज आठ-दहा तास बाहेर राहायचं आहे, तर पंप घ्या. मेडिकलमध्ये सगळ्यात स्वस्त मिळतो तो सायकलच्या भोंग्यासारखा रबरी फुग्याचा पंप. तो घेऊ नका. दूध फुग्यात शिरतं, फुगा आतून धुता येत नाही, आणि त्याची ओढ किती जोराची आहे हे आपल्या ताब्यात राहत नाही. आपल्या घरांसाठी मला दांडी दाबायचा हातपंप बरा वाटतो. काही शे रुपयांपासून हजाराच्या आसपास मिळतो, वीज लागत नाही, सुटे भाग थोडे असतात. विजेचा किंवा चार्जिंगचा पंप त्याच्या दुप्पट-तिप्पट आणि पुढे कितीही. रोज कंपनीत जाणारीला त्याने वेळ वाचतो, हे खरं. पण लोडशेडिंगमध्ये तो नुसता डबा आहे, आणि त्याची मोटर बिघडली तर बदनापुरात दुरुस्त करून देणारा मला तरी माहीत नाही.

घेताना एक गोष्ट दुकानदार सांगत नाही. पंपाचा नरसाळ्यासारखा भाग वेगवेगळ्या मापात येतो. स्तनाग्र त्यात मोकळं मागेपुढे सरकलं पाहिजे, आणि काळा भाग फारसा आत ओढला जाता कामा नये. दुखत असेल, कातडी पांढरी पडत असेल, चिरा जात असतील तर माप चुकलंय किंवा ओढ जास्त आहे. दुखेपर्यंत ओढलं की जास्त दूध येतं, हा गैरसमज आहे. दुखलं की पान्हा उलट अडतो. पंपासोबत बाटली आणि पावडरचा डबा घ्या म्हणून कोणी आग्रह करत असेल, तर त्याला सांगा की १९९२ पासून देशात कायदा आहे. बाटली आणि डब्याच्या दुधाची जाहिरात करणं, फुकट नमुने वाटणं हा त्यात गुन्हा आहे.

आणि उसना पंप नको. आपल्या वस्तीत खलबत्ता फिरतो, शिडी फिरते, लग्नातली भांडी फिरतात, तसा पंप फिरवू नका. दूध आतल्या भागांत जातं, आजार एकीकडून दुसरीकडे जाऊ शकतो.

पंप धुण्याला पाणी लागतं, आणि टँकरच्या दिवसांत हीच मोठी अडचण असते. प्रत्येक वेळी दूध लागलेले भाग सुटे करून आधी गार पाण्याने, मग साबणाच्या गरम पाण्याने धुवायचे, आणि दिवसातून एकदा पाच-दहा मिनिटं उकळायचे. मग फडक्याने न पुसता स्वच्छ कापडावर वाळवायचे. एवढं पाणी रोज निघणार नसेल तर पंप बाजूला ठेवा आणि हात वापरा. झाकणाचा एक स्टीलचा डबा आणि एक वाटी उकळायला तांब्याभर पाणी पुरतं. फवारणी झालेल्या शेतात काम असेल तर दूध काढण्याआधी हात कोपरापर्यंत धुवा, अंगावरचा वरचा कपडा बदला.

काढलेलं दूध किती टिकतं? साधारण पंचवीस अंशांपर्यंतच्या हवेत चार तास. आपल्याकडे एप्रिल-मे महिन्यांत पत्र्याच्या खोलीत काय होतं ते वेगळं सांगायला नको. तेव्हा डबा ओल्या फडक्यात गुंडाळून माठाच्या शेजारी ठेवा आणि तरीही दोन तासांच्या आत पाजलेलं बरं. फ्रीज असेल तर दारात न ठेवता आत, मागच्या बाजूला ठेवा, आणि वीज जात-येत असेल तर एका दिवसाच्या पुढे नको. वर साय आल्यासारखा थर दिसतो. दूध नासलेलं नसतं, हलवलं की मिसळतं. ते उकळू नका, डबा कोमट पाण्याच्या भांड्यात ठेवा. पाजायचं वाटी-चमच्याने किंवा बोंडल्याने. बाटलीची चटक लागलेलं बाळ संध्याकाळी आईला धरत नाही. उष्टं राहिलेलं दूध पुन्हा ठेवू नका.

एका गोष्टीची मला सगळ्यात जास्त भीती वाटते. पंप लावला, तळाला दोन चमचे दूध दिसलं, आणि घरातल्या चौघांनी निकाल दिला : "बघ, दूध नाही." पंप म्हणजे दूध मोजायचं माप नव्हे. बाळाची ओढ पंपापेक्षा चांगली असते. पहिले काही दिवस पंपाला कमीच येतं, नुकतंच पाजून झालं असेल तर आणखी कमी. बाळ दिवसातून सहा-सात वेळा लघवी करतंय, वजन वाढतंय, तर दूध पुरतंय. वजनाचा काटा अंगणवाडीत आहे.

ज्यांना पंप खरोखर औषधासारखा लागतो, त्या आया वेगळ्याच आहेत. बाळ अपुऱ्या दिवसांचं, दीड-दोन किलोचं, काचेच्या पेटीत. आई बाहेरच्या बाकड्यावर. अशा आईने पहिल्या काही तासांतच दूध काढायला सुरुवात करावी लागते, दिवसरात्र मिळून आठ-दहा वेळा, रात्रीसुद्धा. नाहीतर बाळ चोखायला शिकेपर्यंत दूध गेलेलं असतं. मुंबईच्या सायन रुग्णालयात डॉ. आर्मिडा फर्नांडिस यांनी १९८९ मध्ये आशियातली पहिली मातृदुग्ध पेढी सुरू केली, ती अशाच बाळांसाठी. माझं म्हणणं असं, की जिथे नवजात बाळांचा कक्ष आहे तिथे आयांसाठी पंप, प्रत्येकीचा वेगळा संच आणि बसायला आडोसा असलाच पाहिजे. गरिबाने तो बाहेरून विकत आणावा, ही अपेक्षा चुकीची आहे. छातीत गाठ, लाली, थंडी वाजून ताप असं झालं तर मात्र पंप, घरगुती लेप यात दिवस घालवू नका, ग्रामीण रुग्णालय गाठा. दूध काढणं थांबवू नका, थांबवलं की गाठ वाढते.

आता घरच्यांविषयी. "काढलेलं दूध शिळं", "त्याला दृष्ट लागते", "भांड्यात काढलं की आटतं", हे अजून ऐकू येतं, तेही बावीस प्रतिज्ञा पाठ असलेल्या घरांत. महामायेच्या निधनानंतर सिद्धार्थाला महाप्रजापती गौतमीने आपलं दूध पाजलं, हे आपण दर वैशाखात सांगतो. बाळापर्यंत दूध कोणत्या वाटेने पोचलं याची लाज त्या कथेत नाही, मग आपल्यात का? सासूबाईंना दुखवून काही होत नाही. त्यांच्याच हातात वाटी-चमचा द्या, दिवसभर बाळाला पाजणाऱ्या त्याच आहेत. आणि नवऱ्याने भांडी उकळावीत. त्याला त्यात काही कौशल्य लागत नाही.

एसटी स्टँडांवर, कार्यालयांत हिरकणी कक्ष असतात. कितीतरी ठिकाणी त्यांना कुलूप, नाहीतर आत खुर्च्यांचा ढीग. हिरकणीने बाळासाठी रायगडाचा कडा उतरला म्हणून तिचं नाव दिलं, आणि आजच्या आईने चावी कोणाकडे आहे हे शोधत फिरायचं? कुलूप दिसलं की तिथेच तक्रारवही मागा.

वेचणीच्या टोळीचं काम आपल्या हातात आहे. दहा-बारा बायकांच्या टोळीत एखादीच ओली बाळंतीण असते. तिच्या दोन अर्ध्या तासांचा कापूस बाकीच्यांनी मूठ मूठ तिच्या गाठोड्यात टाकला तर कोणाच्या मजुरीला फार धक्का बसत नाही. हे टोळीच्या बाईशी हंगाम सुरू व्हायच्या आधीच ठरवावं. वर्षावासात विहारात ग्रंथवाचनाला बायका जमतातच, आणि अश्विन पौर्णिमेला तो संपतो तेव्हा वेचणी तोंडावर आलेली असते. त्याआधीच्या एखाद्या रविवारी सिस्टरना बोलवा, हाताने दूध कसं काढायचं ते दाखवायला सांगा. आज्यांना पुढे बसवा. ज्या मुलींना सातवा-आठवा महिना आहे त्यांना घरून कोणीतरी हात धरून घेऊन या, आणि येताना प्रत्येकीने आपली वाटी-चमचा आणावा.