परसबाग : कोबीच्या रोपांची लावणी

उज्जयिनीस मराठी घरे शिंदेशाहीपासून आहेत. १८१० साली दौलतराव शिंद्यांनी राजधानी ग्वाल्हेरकडे नेली, तरी मराठी बोलणारी कुटुंबे या नगरीत आजही नांदत आहेत. त्यांपैकी ज्यांच्या परसात चार वाफ्यांपुरती जागा आहे, त्यांच्यासाठी आणि काळ्या जमिनीत भाजी करणाऱ्या आपल्या सर्वच वाचकांसाठी आजचे हे चार शब्द.

माळव्याची काळी माती गहू-हरभऱ्यास उदार असली, तरी कोबीच्या कोवळ्या रोपाची ती परीक्षा पाहते. पाणी अधिक झाले तर मुळाशी चिखल साचतो. कमी झाले तर भेगा पडून मुळे तुटतात. म्हणून पाऊस ओसरल्यावर १५ सें.मी. उंचीचा गादीवाफा करून त्यावर बी टाकावे. ४ ते ५ आठवड्यांत रोपास ४-५ पाने येतात. तीच लावणीची वेळ होय.

बाजारात रोपांची जुडी घेताना गृहिणी साहजिकच उंच रोपे निवडते; पैशाचा मोबदला तिला त्यात दिसतो. परंतु येथेच हंगाम बुडतो. थोराड झालेल्या फुलकोबीच्या रोपास बोराएवढा गड्डा धरतो व तो पुढे वाढत नाही. तसेच ज्या रोपाचा मधला शेंडा नाहीसा झाला आहे, त्यास गड्डा धरतच नाही. ठेंगणे, जाड देठाचे व शाबूत शेंड्याचे रोप घ्यावे.

घरची रोपे असल्यास काढण्यापूर्वी चार-पाच दिवस पाणी कमी करावे, म्हणजे ती काटक होतात. काढण्याच्या दिवशी मात्र वाफा भिजवावा. मग मुळे मातीसह निघतात. जमीन वाफशावर असताना, ऊन उतरल्यावर लावणी करावी. दोन रोपांत ४५ सें.मी. अंतर ठेवावे. रोप खालच्या पानापर्यंत पुरावे, शेंडा झाकू नये, आणि बुंध्याशी माती घट्ट दाबावी. एक पान हलके ओढून पाहावे : पान फाटले पण रोप हलले नाही, तर लावणी साधली असे समजावे. लगेच पाणी द्यावे व आठवड्याच्या आत नांगे भरावेत.

चौकोनी ठिपक्यांच्या पतंगाची अळी पाने चाळणीसारखी करते. त्याला मोहरी अधिक प्रिय असते. म्हणून लावणीच्या पंधरा दिवस आधी कडेने मोहरीची एक ओळ पेरावी व तीवरील अळ्या वेचून नष्ट कराव्यात.

३ मीटर लांब व २ मीटर रुंद वाफ्यात २४ रोपे बसतात. सर्व गड्डे एकदम तयार झाले, तर निम्मे वाया जातात. बीच पंधरा दिवसांच्या अंतराने दोनदा टाकावे. दोन्ही वेळी रोप तरुण मिळेल, आणि घरातील भाजीही अधिक दिवस पुरेल.